रेषेपाशी नाहीसा झालेला ठिपका

अथांग पाण्यावर निजलेल्या नारायणा, पहिला नमस्कार तुला. ज्या पाण्यावर तुझी शय्या, त्याच पाण्यावर आमच्या माणसांच्या होड्या. तू कूस बदललीस की आमच्या घराघरांतल्या चुली थबकतात, बायका दारात येऊन उभ्या राहतात. तुझ्या एका श्वासाने वारा सुटतो, दुसऱ्याने पडतो, आणि त्या दोन श्वासांच्या मधल्या जागेत आमचे सारे जगणे आहे. तुझे नाव ओठांवर धरून एका बाईची कथा सांगतो. ती तुला वेगळ्या नावाने हाक मारते. रविवारी पांढरी वस्त्रे नेसून चर्चच्या बाकावर बसते आणि गाते. पण देवा, भ्यालेल्या माणसाची हाक कोणत्याही भाषेत सारखीच असते, आणि ती तुझ्यापर्यंत पोचायला दुभाषा लागत नाही.

तिचे नाव लितिआना. फिजीतल्या तवेउनी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आमची वस्ती आहे, वस्तीच्या टोकाला शाळा आहे, आणि त्या शाळेत ती मोठ्या वर्गांना गणित शिकवते. पृथ्वीचे पूर्व आणि पश्चिम अर्ध जिथे एकमेकांना भेटतात ती एकशे ऐंशी अंशांची रेषा आमच्या बेटावरूनच जाते. लितिआनाचे घर रेषेच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. रोज सकाळी ती रेषा ओलांडते, रोज दुपारी पुन्हा ओलांडते, आणि बारा वर्षांत एकदाही तिला त्या रेषेची आठवण झालेली नव्हती.

बाई उंच, आवाज खणखणीत, हात सढळ. पण काळीज भित्रे. ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांची होडी परत आली ती रिकामीच. तेव्हापासून किनाऱ्यावरून होडी सुटली की ती मोजायला लागते. तिचा नवरा इनोके मासेमारी करतो, डोंगरावर थोडी शेती करतो आणि बोलतो त्याहून जास्त हसतो. तो निघाला की दारातला संवाद ठरलेला.

"लाइफजॅकेटं किती घेतलीस?"

"दोन."

"माणसं किती?"

"मी एकटा."

"मग दुसरं कशाला?"

"तुझ्या काळजीला घालायला. तीही येते ना माझ्याबरोबर, रोज!"

तीन वर्षांपूर्वी शाळेत नऊ जुने संगणक आले, आणि या बाईला एक वेड लागले. पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेत आलेख काढणारी एक तयार लायब्ररी मिळते. तिला आकडे द्यावेत, ती चित्र देते. लितिआनाचा जीव जडला तो त्यातल्या चालत्या ठिपक्यावर. एक छोटेसे फंक्शन लिहायचे. त्याचे काम एवढेच, की अमुक क्षणी ठिपका कुठे आहे ते सांगायचे. लायब्ररी त्याला पुन्हा पुन्हा बोलावते. शून्य, एक, दोन, तीन. प्रत्येक बोलावण्याला एक चित्र, चित्रामागे चित्र, आणि ठिपका चालू लागतो. तो चालतो आणि त्याच्या मागे वाटेची रेघ उमटत जाते.

तिचा पहिला ठिपका दोन दिवस जागचा हलला नव्हता. चूक अगदी लहान निघाली. तयार केलेली हालचाल तिने कोणत्याही नावात धरून ठेवली नव्हती, आणि ज्याला नाव नाही त्याला यंत्र केर समजून पुसून टाकते. पुढे ती मुलांना बजावू लागली, "आधी नाव द्या. नावात धरलं तरच टिकतं, तरच चालतं." नामाचा महिमा सांगण्यात आम्हा कीर्तनकारांचे आयुष्य गेले, पण इतक्या थोडक्यात तो आम्हालाही कधी सांगता आला नाही.

तिच्या मामाचा मुलगा मनोआ शेजारच्या गावचा. आमच्याकडे आतेमामेभावंडांचे नाते थट्टेचे असते. ती थट्टा नुसती चालते असे नाही, ती करावीच लागते. लग्नात करावी लागते, मयतातही करावी लागते. मनोआ संगणकाच्या खोलीच्या खिडकीत डोके घालून ओरडे, "काय मॅडम, ठिपका पोहायला शिकला की अजून नाकातोंडात पाणी जातंय?" आणि ती आतून उत्तर देई, "तुझ्यापेक्षा बरा पोहतो, आणि तुझ्यासारखा उधार तंबाखू मागत नाही!"

वर्गासाठी तिने एक ठिपका होडीचा केला होता. हवामानखात्याचे वाऱ्याचे आणि प्रवाहाचे आकडे घ्यायचे, इंजिन बंद पडलेली होडी दर दहा मिनिटांनी किती वाहत जाईल ते काढायचे, आणि नकाशावर ठिपका सोडून द्यायचा. मुलांना फार आवडे. तिला स्वतःला तो धडा शिकवताना कसेसेच होई, तरी ती शिकवी.

आणि मग तो शनिवार आला.

इनोके शुक्रवारी पूर्वेच्या वनुआ बलावू बेटावर गेला होता. तिथे नात्यातले एक म्हातारे वारले होते. त्यांच्यासाठी चटया आणि यंगोनाची मुळे, कुटून ज्यांचे समारंभाचे पेय करतात ती, पोचवायची होती. शनिवारी सकाळी तो एकटाच परत निघाला. दहा वाजता यथाता बेटाजवळून जाताना मोबाइलला क्षणभर रेंज आली आणि लितिआनाचा फोन वाजला.

"इंजिन गेलं गं. घाबरू नकोस. यथाता दिसतंय मला, डाव्या हाताला. वल्हं आहे, शहाळी आहेत. बघतो काही तरी."

"इनोके, जॅकेट घाल! आधी जॅकेट..."

रेंज गेली. त्यानंतर त्या फोनमधून शब्द आला नाही.

शनिवारचा दिवस दुरुस्तीच्या आशेत गेला. रविवारी आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही. तो देवाचा दिवस. पण त्या रविवारी पहाटे पाद्रीबाबा स्वतः वाळूवर आले, गुडघ्यांवर बसले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "जा. माणूस शोधणं हीसुद्धा पूजाच आहे." तीन होड्या दक्षिण टोकाला वळसा घालून यथाताच्या खडकांपर्यंत गेल्या. अनुभवी माणसांनी सांगितले होते, तो तिथेच कुठे तरी कड्याला लागला असेल. दुपारी होड्या परत आल्या. कडा रिकामा. राजधानी सुव्याहून शोधायला निघालेले विमान खाली उतरलेल्या ढगांमुळे माघारी गेले होते.

तेव्हा लितिआना शाळेकडे निघाली. तिच्या मागे तिची सासू वासेमाथा, गावप्रमुख इलाइतिया, अंगावरचे मीठही न धुतलेला मनोआ, आणि मग सारी वस्ती. संगणकाच्या खोलीत दाटी झाली.  मनोआ हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ठिपक्याला सांगा, घरी आल्यावर मार मिळेल." दोघीतिघी हसल्यासारख्या झाल्या.

तिने नकाशा घेतला होता बेटाच्या पूर्वेकडच्या समुद्राचा, कारण इनोके तिकडे गेला होता. आकडेही त्याच समुद्राचे उतरवून घेतले होते. तिने ठिपका यथातापाशी ठेवला, शनिवार सकाळ दहाची, आणि सोडला.

ठिपका हलला. लाल, मोहरीएवढा. वर घड्याळाचे आकडे पळत होते, खाली ठिपका पश्चिमेला सरकत होता आणि त्याच्या मागे बारीक रेघ वाढत होती. शनिवार संध्याकाळ. शनिवार मध्यरात्र. वासेमाथा पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. "हाच तो? हाच माझा इनोके?" असे ती विचारत होती, आणि "नाही, हा फक्त हिशेब आहे" असे म्हणण्याचे धैर्य लितिआनाला झाले नाही. रविवार पहाट. रविवार सकाळचे सात. साडेसात. ठिपका नकाशाच्या डाव्या कडेशी आला. रविवार सकाळचे आठ.

आणि ठिपका नाहीसा झाला.

घड्याळ पळतच राहिले. नऊ, दहा, अकरा. रेघ होती तिथेच तुटून पडलेली. पुढे पाणी, निळे आणि कोरे.

वाचकहो, आधी कुणाला कळलेच नाही. मग वासेमाथाने काचेवर बोट फिरवले, जिथे ठिपका होता तिथे, जसे आई पाळण्यात चाचपते. आणि तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता.

"बुडाला! माझ्या डोळ्यांदेखत बुडाला गं!"

बायकांनी हंबरडा फोडला. इलाइतियाने डोक्यावरची टोपी काढली. मागे कुणी तरी हळूच म्हणाले, "चटया काढायला सांगा," आणि चटया कशासाठी काढायच्या हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लितिआनाने मान वळवून मनोआकडे पाहिले. तो भिंतीला टेकून उभा होता आणि गप्प होता. ज्याला मयतातही थट्टा करावी लागते, ज्याचे मौन ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती, तो मनोआ खाली जमिनीकडे बघत होता. तेव्हा ती खरी भ्याली.  तो ठिपका तिने स्वतः घडवला होता. तो रंगाचा एक कण आहे, हे तिच्याहून अधिक कुणाला ठाऊक? तरीही, ज्या बोटांनी त्याला हलवले त्याच बोटांना तो मेल्यासारखा वाटला. 

लोक गेले. रडणे रस्त्याने दूर दूर होत गेले. ती एकटी उरली. ऊन अजून खिडकीत होते.

ती प्रार्थना करू लागली, पण शब्द जमेनात. मग तिने मुलांना रोज सांगते तेच केले. चित्राला विचारू नका, आकड्यांना विचारा. तिने ठिपक्याच्या जागांची यादी उघडली आणि एकेक ओळ बोटाने खाली येत राहिली. उणे एकशे एकोणऐंशी पूर्णांक नव्वद. उणे एकशे एकोणऐंशी पूर्णांक पंच्याण्णव. उणे एकशे एकोणऐंशी पूर्णांक नव्याण्णव. आणि पुढची ओळ: एकशे एकोणऐंशी पूर्णांक अठ्ठ्याण्णव. उणेचे चिन्ह गेले होते. त्याच्याही पुढच्या ओळी रिकाम्या होत्या.

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

ती रेषा होती! तिच्या घराच्या आणि शाळेच्या मधून जाणारी, जिच्यावरून ती त्याच दुपारी चालत आली होती, ती रेषा. तिच्या पूर्वेला अंश उणे मोजतात, पश्चिमेला अधिक. ठिपका बुडाला नव्हता. ठिपका रेषा ओलांडून पलीकडे गेला होता, आणि पलीकडचा नकाशा तिने घेतलाच नव्हता, पलीकडचे आकडे उतरवलेच नव्हते. जिथे आकडा नाही तिथे लायब्ररी काही काढत नाही. ती खोटे सांगत नाही आणि इशाराही देत नाही; गप्प राहते. आणि त्या गप्प राहण्याला आम्ही सर्वांनी मरण म्हटले होते.

तिने पलीकडच्या समुद्राचे आकडे मागवले. ते थेंब थेंब यावेत तसे आले. तिने एक ओळ लिहिली: उणे चिन्ह असेल तर तीनशे साठ मिळव. आता एकशे ऐंशीच्या दोन्ही बाजूंना मोजणी अखंड झाली, रेषा राहिली नाही. तिने ठिपका पुन्हा सोडला. रविवार सकाळचे आठ आले. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ठिपका चालत होता; आपल्या बेटाच्या दक्षिण टोकाखालून, आपल्या दारासमोरच्या समुद्रात, कोरो बेटाच्या दिशेने.

तिला आनंद झाला असेल असे वाटते ना? नाही झाला. आतापर्यंत सगळे संपल्याची भीती होती; आता त्या जागी आशा आली, आणि आशेने भीती दुप्पट केली. कारण आता काही तरी ठरवावे लागणार होते, आणि ते चुकू शकत होते. तिने वारा थोडा कमी धरून, थोडा जास्त धरून, प्रवाह इकडेतिकडे करून चाळीस ठिपके सोडले. त्यांचा थवा पाहून, मोजून, दिवेलागणीला ती इलाइतियाच्या घरी गेली. माणसे यंगोनाच्या परातीभोवती बसली होती. चटया अंथरलेल्या होत्या.

तिने दारातच गुडघे टेकले आणि सगळे सांगितले.

वासेमाथा उसळून म्हणाली, "दोन तासांपूर्वी तुझ्या त्या डब्यानं माझा पोरगा मारला. आता तोच डबा त्याला जिवंत करतोय होय? खेळ मांडलाय का माझ्या जिवाचा?"

"नाऊ," सासूला ती आईच म्हणे, "डब्यानं नाही मारला. मी मारला. नकाशा मी अर्धाच घेतला."

इलाइतियाने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "पोरी, नीट ऐक. उद्या एका लांब फेरीपुरतंच इंधन आहे. पूर्वेला गेलो तर पश्चिम राहिली, पश्चिमेला गेलो तर पूर्व. बोट आली तर बुधवारी नवं इंधन येणार, आणि बुधवारी शोधायचं ते काय, हे तुलाही कळतं. खात्री किती?"

 खोटे बोलणे सोपे होते. "खात्री नाही, प्रमुखसाहेब. चाळीस सोडले. एकतीस आपल्या समोरच्या समुद्रात आले. नऊ दक्षिण टोकाला लागले. यथातापाशी एकही थांबला नाही."

"आणि वाऱ्याचे आकडेच चुकले असले तर?"

"तर मी त्याला दुसऱ्यांदा मारीन."

 मग मनोआ उठला. "माझी होडी पश्चिमेला जाते," तो म्हणाला. थट्टेचा मागमूस नव्हता. इलाइतियाने मान हलवली. दोन होड्या पश्चिमेला, तिसरी दक्षिण टोकाला. पूर्वेला एकही नाही. ते ठरले, आणि एवढ्या मोठ्या समुद्राची पूर्व बाजू त्या बाईच्या एका शब्दावर मोकळी सोडली गेली.

सोमवारी फटफटताना होड्या सुटल्या. सोमवार म्हणजे शाळा. ती वर्गात गेली, फळ्यासमोर उभी राहिली, खडू हातात घेतला आणि लिहायचे काय ते तिला आठवेना.  अखेर एक मुलगी उठली, तिच्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही दवाखान्यात जाऊन बसा ना. रेडिओ तिथं आहे. आम्ही गणितं करतो."

दवाखान्याच्या पायरीवर ती आणि वासेमाथा शेजारी शेजारी बसल्या, अंगाला अंग लागेल इतक्या जवळ. दहा वाजता रेडिओ: काही नाही. बारा: काही नाही. एक वाजता दक्षिण टोकाची होडी परत आली, रिकामी. लितिआना मनात यथाताचा कडा पाहत होती. तिथे एक माणूस बसला आहे, हात हलवतो आहे, आणि त्याच्याकडे कुणीच येत नाही, कारण तिने सांगितले येऊ नका. ते चित्र पुसले जाईना. दोनला मनोआचा आवाज आला: सांगितलेल्या जागी पोचलो, पाणी मोकळं, काही नाही. वासेमाथाचा हात तिच्या हातात होता. तो वासेमाथाने काढून घेतला.

ठिपक्याच्या जागेपासून मनोआच्या दोन्ही होड्या उत्तरेला सरकत गेल्या. तीन वाजून गेले. रेडिओ खरखरला. मनोआच होता, पण आवाज ओळखू येत नव्हता. रडत होता तो.

"आहे. होडीत आहे. बोलत नाहीये, पण माझा हात धरलाय त्यानं, सोडत नाहीये. नाऊला सांगा, हात गरम आहे."

ठिपक्यापासून चौदा किलोमीटर. एवढ्या समुद्रात चौदा किलोमीटर म्हणजे काय ते समुद्रावर गेलेल्यालाच कळेल.

दोन दिवस दवाखान्यात ठेवून बुधवारी त्याला घरी आणले. ओठ फाटलेले, खाऱ्या पाण्याने कातडी सोललेली. घरी आल्यावर तो तुटक तुटक बोलला. रविवारी सकाळी त्याने उजव्या हाताला आपला डोंगर पाहिला होता. रविवारच्या जेवणासाठी जमिनीत पुरलेल्या भट्ट्यांचा धूर वर चढताना पाहिला होता. "ओरडलो गं," तो म्हणाला. "सगळे तिकडच्या बाजूला बघत असणार. मी इकडं होतो." ते ऐकून लितिआना उठून बाहेर गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

त्याची बोटे सुजलेली, म्हणून नारळाच्या दुधातले मासे तिने भरवले. तो जेवला आणि तिथेच चटईवर झोपला. ती बाजूला बसून राहिली. दर थोड्या वेळाने ती त्याच्या नाकाजवळ तळहात धरी, ऊब लागली की हात मागे घेई, आणि थोड्या वेळाने पुन्हा धरी. वासेमाथा दारातून पाहत होती. मग तीही आत आली, सुनेच्या शेजारी बसली, आणि सुनेचा हात मागे गेला की ती आपला हात पुढे करू लागली.

नारायणा, या दोन बाया दमल्या आहेत. आता त्या श्वासावर तू लक्ष ठेव, म्हणजे त्यांचा डोळा लागेल. इनोकेच्या होडीला इंजिन दे, आणि इंजिन गेले तर वारा घराकडचा दे. मनोआच्या जिभेवर थट्टा परत येऊ दे. लितिआनाच्या हाताला यश दे, तिच्या वर्गातल्या लेकरांना तिच्यासारखे खरे बोलण्याचे बळ दे. त्या घराची चूल पेटती राहो, दारातली माणसे मोजून पुरी भरोत, आणि त्या घरातल्या कुणालाही, कधीही, समुद्राकडे पाहून कुणाची वाट पाहत उभे राहावे लागू नये. कल्याण असो.